चार तोळ्यांची जीप

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर त्याहून वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी वही बघून मास्तर म्हणायचे, मुंग्या शाईत बुडून कागदावर फिरायला निघाल्यात. चौथीपर्यंत मुंग्या तशाच राहिल्या आणि मग शाळाच सुटली. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला अजून कळत नाही. ओळीत जागा उरली असेल तिथं मी दीर्घ देते. हे कुणाला दाखवायचं नाहीच. तरी चुकून कुणाच्या हाती लागलं तर त्यानं खुशाल हसावं, फक्त माझ्यासमोर हसू नये. मी लाजते.

लाजते म्हणूनच लिहिते. परवा गल्लीत दोन माणसं वाद घालत होती की त्या जुन्या खटारा जिपांना लोक एवढे पैसे का मोजतात. एक म्हणाला, येडे असतात. दुसरा म्हणाला, पैसा जास्त झाला की असं होतं. मी ओट्यावर शेंगा सोलत होते. मला खरं काय ते ठाऊक होतं, पण मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी पदर तोंडाशी धरून आत गेले असते. म्हणून इथं सांगते.

आमची जीप आली त्या साली शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि ते आमच्यापासून लांब होतं. आमचं घर बिडकीनच्या रस्त्याला, मागं थोडी कोरडवाहू जमीन. त्या साली पाऊस आलाच नाही. चारा मिळेना म्हणून बैलजोडी विकली. विकून दिली माझ्याच वडिलांनी. वडील बैलबाजारातले दलाल. दर आठवड्याला कुणाचे ना कुणाचे बैल विकायचे, पण लेकीच्या घरचे विकताना त्यांनी दलाली घेतली नाही आणि चहाही घेतला नाही.

तेव्हा शहराच्या कडेकडेनं नव्या वसाहती उठत होत्या. घरं झाली होती, गच्च्यांवर टाक्या बसल्या होत्या, फक्त टाक्यांत पाणी नव्हतं. आमचे हे, म्हणजे माझे मालक, कंपनीत रोजंदारीवर होते आणि निम्मा आठवडा घरी बसायचे. त्यांच्या डोक्यात आलं की एक गाडी घ्यायची, तिच्यामागं पाण्याची टाकी जोडायची आणि पैठणकडच्या विहिरींवरून पाणी आणून वसाहतीत विकायचं. वैजापूरला जुन्या सरकारी जिपांचा लिलाव आहे असं कळलं. वैजापूरला माझी थोरली नणंद दिलेली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. लिलावाच्या दिवशी आम्ही दोघं दुपारी जेवायला अक्कांकडं गेलो. एक जीप ह्यांच्या मनात भरली होती, खिशात तिचे निम्मेच पैसे होते, आणि बोली जेवणानंतर लागायची होती.

अक्कांनी भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. मग उठून हातांना साबण लावला आणि दोन्ही हातांतल्या पाटल्या ओढून काढून परातीत ठेवल्या. चार तोळ्यांच्या पाटल्या. परातीत पीठ होतं, त्यामुळं आवाजसुद्धा झाला नाही.

"घिऊन जा," त्या म्हणाल्या. "पण मला माघारी पैसं नको. चार तोळं गेलं, चार तोळं यावं."

हे म्हणाले, एका वर्षात देतो. मी मान हलवली. चारचौघांत मला तेवढंच जमतं. त्या दिवशी ती जरा कमी हलवायला पाहिजे होती.

जीप आली ती ट्रॅक्टरच्या मागं बांधून. तिला दारं नव्हती. हॉर्न दाबला की वायपर एकदा डावीकडं जायचा आणि तिथंच बसायचा. वरचं टप्पर गळकं आहे असं सांगितलं होतं, पण पाऊसच नव्हता म्हणून आम्हाला ते कधी कळलं नाही. बॅटरीत जीव नसल्यानं चालू व्हायला उतार लागायचा. आमच्या दारात उतार नव्हता, म्हणून मुरूम टाकून आम्ही उतार केला. रोज संध्याकाळी जीप त्याच्यावर चढवून चाकाला दगड लावायचा. सकाळी दगड काढला की हे आत बसून ओरडायचे आणि मी मागून ढकलायचे. ती धडधडली की पळत जाऊन उडी मारायची. जी बाई परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर सरकू देत नाही, ती रोज सकाळी जीपच्या मागं पळत होती. पण बघणार कोण? मागं एवढी धूळ उडायची की मी मलाच दिसत नव्हते.

रस्ता तेव्हा म्हणजे दोन खड्ड्यांच्या मधली जागा. जीप त्यातून म्हशीसारखी जायची, घाईही नाही आणि तक्रारही नाही. वसाहतीत शिरलो की बायका हंडे घेऊन तयारच असायच्या. मी तोटीपाशी बसायचे. एकीनं विचारलं होतं, पाणी उकळून प्यायचं का? मी नुसती मान हलवली. जीपमध्ये ते इतकं घुसळून यायचं की उकळायचंच तेवढं बाकी होतं.

पुढच्या पोळ्याला दारात बैल नव्हते. सासूबाई म्हणाल्या, ज्यानं वर्षभर ओढलं तो बैल. मग जीपला आंघोळ घातली, तीही अर्ध्या बादलीत. बॉनेटला कुंकू लावलं, बाशिंग बांधलं आणि पुरणपोळीचा घास पुढच्या जाळीला टेकवला. अक्का माहेरी आल्या होत्या. उंबऱ्यात उभ्या राहून सगळं बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या पाटल्यांना पोळी चारता व्हय? मग मलाबी वाढा एखादी."

वर्षात काही चार तोळे झाले नाहीत. पाण्याचे पैसे आले आणि गेले. सासूबाईंच्या डोळ्यांना गेले, पोरांच्या फीला गेले, टायरला गेले. टायरला सगळ्यात जास्त. थोडे जमले की हे सराफाकडं जायचे आणि तोंड पाडून यायचे. पहिल्या खेपेला त्या पैशांत तीन तोळे बसत होते. अजून जमवून पुन्हा गेले तर अडीचच बसले. आम्ही चालायचो आणि सोनं पळायचं. एकदा तर पैसेच नेऊन अक्कांच्या पुढ्यात ठेवले. अक्कांनी ते बोटानं परत सरकवले. "मी पैसं दिलं होतं का तुला?"

अक्का मनाच्या वाईट नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. वाईट असत्या तर पाटल्या काढून दिल्याच नसत्या. पण दिलेल्या पाटल्यांची त्यांना गोडी लागली. प्रत्येक लग्नात त्या हात पुढं करून बसायच्या, हातात फक्त काचेच्या बांगड्या. कुणी विचारलंच की पाटल्या कुठं, तर सांगायच्या, "पाटल्या बिडकीनच्या रस्त्यानं पाणी वाहतात." कुणी नाही विचारलं तर कुणीतरी विचारेपर्यंत हातानं वारा घ्यायच्या, थंडीतसुद्धा. एका हळदीला मी पंगतीत बसले होते. वाढप चालू असताना अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "वहिनी, माझ्या पाटल्यांचं पंक्चर निघालं का गं?" सगळ्या बायका हसल्या. मलासुद्धा हसू आलं आणि तेच वाईट. बोलणं लागलेलंही असतं आणि हसूही येतं, अशा वेळी तोंड कसं करावं? मी खाली बघून वरणभात खाल्ला. तेव्हापासून मला एकच हवं होतं. जीप नको, घर नको, एका लग्नात अक्कांच्या समोर बसून मान वर करून जेवायचं होतं. त्यासाठी चार तोळे पाहिजे होते.

मग शहर आमच्याकडं चालत आलं. त्याचं नाव बदललं, रस्ता रुंद झाला, शेतांत कंपन्यांचे पत्रे उभे राहिले. पाणी मोठमोठ्या टँकरांनी येऊ लागलं. आमची जीप एका सकाळी उतारावरून खाली आली ती न बोलताच आली. बाभळीखाली ढकलून ठेवली. कोंबड्यांनी ती ताब्यात घेतली. पुढच्या सीटवर अंडी, मागच्या सीटवर खुडूक. भंगारवाला किलोच्या भावानं मागून गेला. हे द्यायलाही निघाले होते, पण मी आडवी आले. कोंबड्या कुठं ठेवू? लोक म्हणतात तुम्हाला पुढचं दिसलं म्हणून तुम्ही जीप ठेवली. मला खुराडं दिसलं होतं.

पुढं एका रविवारी एक काळीभोर गाडी दारात थांबली. त्यातून एक साहेब उतरले. बिडकीनकडं प्लॉट बघायला निघाले होते. रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे. आमच्या समोरचा गुळगुळीत रस्ताही त्यांचाच होता. लघवीला म्हणून थांबले आणि बाभळीकडं गेले, ते गेलेच. बऱ्याच वेळानं हे बघायला गेले तर साहेब जीपखाली पाठीवर पडलेले. पांढरा शर्ट, खाली कोंबड्यांची घाण, आणि तोंडावर देवळात असतो तसा भाव.

"विकायचीय का?" त्यांनी खालूनच विचारलं.

हे म्हणाले, "कोंबड्यांसकट का बिगर कोंबड्यांची?"

साहेब बाहेर आले आणि एक लाख म्हणाले. मी ओट्यावर उभी होते. परक्या माणसानं माझ्याकडं बघितलं म्हणून मी आत गेले. शिवाय दूध चुलीवर होतं. साहेबांना वाटलं बाईला राग आला. त्यांनी ह्यांना हळूच म्हटलं, वहिनींना पटलेलं दिसत नाही, आणि स्वतःच दीड लाखावर गेले. हे धावत स्वयंपाकघरात आले.

"तू आत काहून आली?"

"दूध ऊतू चाललं होतं."

"अजून थोडं तापव," हे म्हणाले. "भायेर येऊ नको."

त्या रविवारी दूध इतकं आटलं की त्याचा खवा झाला आणि भाव दोन लाखांवर गेला. एका तोळ्याचा भाव ह्यांनी मोबाईलवर बघितला. चार तोळ्यांना अजून लाखभर कमी पडत होते. साहेब म्हणाले, पुढच्या रविवारी मिस्त्रीला घेऊन येतो, तो इंजिन बघेल, मग बोलू.

आता माझी अक्कल सांगते. बैल बाजारात न्यायचा असेल तर आदल्या दिवशी काय करतात हे मी लहानपणापासून बघितलेलं. त्याला घासूनपुसून आंघोळ, शिंगं तासायची, शिंगांना रंग, गळ्यात नवे गोंडे. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक आधी डोळ्यानं घेतं. मी शनिवारी कोंबड्या हाकलल्या आणि दुकानातून लाल तेलरंगाचे डबे आणले. आम्ही दोघांनी जीप वरून खालून रंगवली. बंपरला चंदेरी, चाकांच्या टोप्यांना पिवळा. आरशाला गोंडे बांधले. उरलेल्या रंगानं मी बॉनेटवर कमळ काढलं. फार छान आलं होतं कमळ. ह्यांनी दोन पावलं मागं सरकून बघितलं आणि म्हणाले, आता तीन लाख कुठंच जात नाहीत.

रविवारी साहेब आले. सोबत त्यांची बायको आणि शहागंजकडचे एक म्हातारे मिस्त्रीचाचा. साहेबांनी गाडीतून पाय खाली ठेवला, जीप बघितली आणि ओट्याच्या पायरीवर खाली बसले. मला वाटलं साखर कमी झाली. मी गूळपाणी आणलं. ते म्हणाले, "हिचा मूळचा रंग... तो होता ना अंगावर... तो पन्नास वर्षांचा रंग होता हो." आणि एकदम, "आता मी लाखसुद्धा देणार नाही."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी कमळाकडं बघायला लागले. डोळ्यांपुढं पंगत आली, वरणभात आला, अक्कांचे हात आले.

मिस्त्रीचाचांनी बॉनेटला एक बोट लावलं आणि ते लाल झालेलं बोट साहेबांना दाखवलं. "साब, रोनेकू क्या हुआ? गीला है. घासलेट मारो, निकल जाता. नीचे वो जैसा का वैसा है."

तो आठवडा मी घासलेट आणि जुन्या लुगड्याचे बोळे घेऊन जीपवर काढला. रंग ढकलत गेलं की खालून तो जुना फिकट हिरवा यायचा, कुठं उडालेला, कुठं गंजलेला. आपलं कमळ आपल्याच हातानं पुसताना जीवावर आलं, पण लगोलग मला हसायला येत होतं. रंगवायला एक दिवस लागला होता आणि कळकट करायला आठवडा. कोंबड्यांनासुद्धा परत आणून आत सोडलं. म्हटलं, त्याही मूळच्याच आहेत. मागच्या अंगाला तेलाधुळीचा जाड थर होता, तोही घासलेटनं सुटला आणि त्याखाली पांढरी अक्षरं निघाली. अर्धी पुसलेली, पण मला वाचता आली. टंचाई, एवढंच. पुढचं गेलं होतं. इतकी वर्षं आम्ही तिच्यावर पाणी वाहिलं आणि ती आमच्याकडं येण्याआधीही तेच करत असणार. हे मात्र मी कुणाला बोलले नाही, कारण ह्यांनी लगेच त्याचे वेगळे पैसे लावले असते.

लावलेच. पुढच्या रविवारी तिघं परत आले. साहेब त्या अक्षरांपुढं उकिडवे बसले आणि मोबाईलनं फोटो काढत सुटले. मग एकेका पोच्यावर हात ठेवून विचारायला लागले, हा कशाचा? ह्यांच्या लक्षात आलं की नुसत्या पोच्यापेक्षा गोष्टीसकट पोचा महाग जातो. डाव्या बाजूचा ओरखडा, जो गायीच्या शिंगाचा होता, तो ह्यांनी फर्दापूरच्या घाटातल्या बिबट्याचा करून टाकला. आमची जीप फर्दापूरला कधी गेलीच नव्हती. मागचा मोठा पोचा पुरातला झाला. ज्या साली पाण्याचा थेंब नव्हता त्या सालातला पूर. साहेब मान डोलवत होते. मला खिडकीआडून ऐकवेना. मनात आलं, माझेही गुडघे मूळचेच आहेत, कंबरेला हंड्यांचा पोचा आहे, पण माझ्या भोवती कुणी उकिडवं बसलं नाही.

साहेबांची बायको तोवर माझ्याशेजारी स्वयंपाकघरात येऊन बसली होती. चांगली होती, पाटावर मांडी घालून बसली. बायकांशी मला थोडंफार बोलता येतं. मी विचारलं, साहेबांना हिचं एवढं कशापायी?

ती म्हणाली, "ताई, ह्यांच्या लहानपणी गावात दुष्काळात साहेबलोकांची जीप यायची. सगळी पोरं तिच्यामागं पळायची. ह्यांना एकदाही कुणी आत बसवलं नाही. आता रोज रात्री मोबाईलवर जिपाच बघतात. मी म्हटलं, बसायचे पैसे देता का पळायचे?"

मी म्हटलं, पळायचं काम मीही केलंय, मला कुणी पैसे दिले नाहीत. दोघी हसलो. मग तिनं अजून एक सांगितलं. साहेबांसारखे दहा-बाराजण आहेत, सगळ्यांकडं अशाच जिपा. रविवारी माळरानावर नेऊन चिखलात घालतात. चिखल नसला तर? मी विचारलं. ती म्हणाली, "टँकर मागवतात. पाणी ओतून चिखल करतात, आणि जीप अडकली की खूश होतात."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. आम्ही जीपनं पाणी आणलं आणि ही माणसं जीपसाठी पाणी आणणार. तेव्हा मला सगळं कळलं. रस्ता नव्हता तेव्हा जीप स्वस्त होती. साहेबांनी रस्ते गुळगुळीत केले, आणि जेवढे गुळगुळीत केले तेवढी जीप महाग झाली. ज्याला खड्ड्यातून जावंच लागतं तो खड्ड्याचे पैसे देत नाही. ज्याची त्यातून सुटका झाली तो मागं वळून मागेल ते देतो.

चहा घेऊन मी बाहेर गेले तर बोलणं अडलेलं. साहेब अडीच लाखांवर थांबले होते आणि हे काही बोलत नव्हते, कारण मी सांगितलं होतं की बोलू नका. साहेब कंटाळून म्हणाले, "वहिनी बोलत नाहीत, तुम्ही बोलत नाही. माझे वडील बैलबाजारात टॉवेलाखाली सौदा करायचे. चला, तसंच करू." त्यांनी ह्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला. ठरलं असं की दोन लाख धरूनच चालायचं आणि त्यावर एक बोट धरलं की दहा हजार, पंजा धरला की पन्नास.

ह्यांनी टॉवेलाखाली हात घातला खरा, पण हे कंपनीतले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते मला कळत होतं. वडिलांच्या मांडीवर बसून मी तेच शिकले होते, शाळेच्या आधी. पण परक्या माणसाचा हात कसा धरायचा? मी ह्यांच्या पलीकडं ओट्यावर बसले आणि पदराखालून ह्यांचा मोकळा हात हातात घेतला. मी इकडून दाबायचं, ह्यांनी तिकडं तसंच दाबायचं. लग्नाला एवढी वर्षं झाली पण चारचौघांत हात हातात धरायची ही पहिलीच वेळ. हे इतके लाजले की साहेबांना वाटलं भाव जास्त झाला म्हणून घाम फुटला.

साहेबांनी पंजा दाबला. मी पंजा दाबला, लगेच दुसऱ्यांदा पंजा आणि वर एक बोट. हे मला कुजबुजून म्हणाले, "दुखतंय का काही?" मी चिमटा काढला. तो चिमटासुद्धा त्यांनी इमानानं पुढं पाठवला. साहेब दचकले. त्यांच्या वडिलांच्या बाजारात चिमट्याचा भाव नसावा. मिस्त्रीचाचा हसू दाबत बाभळीकडं बघत होते. साहेबांनी एक पंजा आणि तीन बोटं धरली. मी सोडलं नाही. दोन पंजे आणि वर एक बोट, तेच धरून ठेवलं. तोंडानं मी आयुष्यात कधी एवढा हट्ट केला नाही. शेवटी साहेबांनी टॉवेल काढला, ह्यांच्या हातात हात दिला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही न बोलता बरं केलं. बोलला असता तर मला घर विकावं लागलं असतं."

तीन लाख दहा हजार. जीप ट्रकवर चढली तेव्हा एक कोंबडी आतच राहिली होती. ती तेवढी मी काढून घेतली.

पैसे बँकेत आले. हे म्हणाले, पाटल्याच करून नेऊ. पण अक्कांना फोन केला तर त्या म्हणाल्या, हात सुजतात आता, पाटल्या अंगठ्याच्या पुढं जायच्या नाहीत, पैसेच आणा. "पण भाव आणायच्या दिवशीचा," असंही म्हणाल्या. इतकी वर्षं पैसा नको म्हणणाऱ्या अक्का पैशावर आल्या, तेव्हा मला त्यांचं वय पहिल्यांदा जाणवलं.

सकाळी भाव बघून तेवढे पैसे बँकेतून काढले आणि आम्ही बसनं वैजापूरला गेलो. अक्कांचे मालक मार्केट यार्डात कांद्याचे व्यापारी, घरीच होते. चहा झाला. पैशाची पिशवी मी अक्कांच्या पुढ्यात ठेवली. अक्कांनी ती उघडली नाही. नवऱ्याला म्हणाल्या, आत्ताचा भाव बघा. त्यांनी मोबाईल लांब धरून बघितलं. सकाळपासून तोळ्यामागं आठशे रुपये वाढला होता. चारांचे बत्तीसशे कमी पडत होते.

"राहू द्या हो," ते म्हणाले. "बत्तीसशेचं काय एवढं."

अक्कांनी बांगड्या जरा मागं सारल्या आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं. बत्तीसशे राहिले असते तर ते पुढच्या दहा लग्नांना पुरले असते, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. त्यांच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली, खोटं सांगत नाही.

ह्यांनी खिसे चाचपले. खिशात परतीचं भाडं होतं. मी चोळीतून छोटी पिशवी काढली. साडीसाठी वेगळे ठेवलेले माझे पैसे होते. शंभराच्या बत्तीस नोटा मोजून मी पैशाच्या पिशवीवर ठेवल्या.

"मोजून घ्या, अक्का," मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं. ह्यांनी दचकून माझ्याकडं बघितलं.

अक्कांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि मोजायला बसल्या. घाईनं नाही. मधे एकदा चुकल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बऱ्याच वेळानं सगळ्या गड्ड्यांना रबर लावलं आणि नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "आता लग्नात मी वहिनीला बोलू काय?"

ते म्हणाले, "जेव म्हण."

अक्कांनी पिशवी कपाटात ठेवली, किल्ली कमरेला खोचली आणि परत येऊन माझ्याशेजारी बसल्या. "आलं," म्हणाल्या. "सगळं आलं. एक रुपयाबी राह्यला नाय."